सरकी म्हशीला, मार्बल कोंबडीला

एरंडोलजवळच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे बीव्ही ३८० जातीच्या ६० कोंबड्या आहेत, वय साधारण ३६ आठवडे, शिवाय अंगणात वीसेक गावरान. संक्रांतीपर्यंत तयार लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, चालू होतं, तेव्हा रोज ५० ते ५२ अंडी निघायची. गोणी परवडेना म्हणून त्यांनी मक्याचा भरडा आणि सरकी पेंड सुरू केली, चार भाग मका, एक भाग पेंड. आता होळी झाली तर अंडी २७ वर आलीत. कवच इतकं पातळ की उचलताना दोन-तीन फुटतात. वर गावातल्या दुकानदारानं ‘बलक हिरवट निघतो’ म्हणून एक ट्रे परत केला. कमी पैशात पूर्ण खाद्य कसं द्यायचं, हा त्यांचा प्रश्न.

ताई, आधी त्या परत आलेल्या ट्रेचं बोलू. दुकानदारावर रागावू नका, तो खरं बोलतोय. तुम्ही म्हणता, ‘आम्ही घरी तीच अंडी खातो, आम्हाला तर काही दिसत नाही.’ तेही खरं आहे. तुम्ही ताजं अंडं फोडता आणि त्याच्या दुकानात ते आठ-दहा दिवस पडून असतं, फरक तिथे पडतो. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते बलकात उतरतं आणि बलकातल्या लोहाशी जुळलं की रंग फिरतो. अंडं जितकं शिळं होईल तितकं हे जास्त, म्हणून पहिल्या दिवशी पिवळा दिसणारा बलक दहाव्या दिवशी शेवाळी नाहीतर तपकिरी दिसतो. पेंडीत तेल जास्त राहिलं असेल तर पांढरा भागही गुलाबीसर होतो. मीही सुरुवातीच्या वर्षी हेच केलंय. आपल्याकडे कापूस, म्हणून सरकी, आणि घरात म्हैस, म्हणून पेंडीचं पोतं ओसरीवर कायम उभं. हात आपोआप तिकडे जातो. म्हशीच्या कोठीपोटात हे द्रव्य बरंचसं बांधलं जातं, तिला ते बाधत नाही. कोंबडीला ती सोय नाही. तेव्हा ती पेंड आजपासून बंद. थोडी थोडी कमी करत नव्हे, बंदच.

आता हिशोब. तुम्ही गोणीचा भाव बघितला आणि तिथेच फसलात. एका कोंबडीला दिवसाला ११० ग्रॅम धरा, ६० कोंबड्यांना ६ किलो ६०० ग्रॅम. समजा तयार खाद्य ३४ रुपये किलो पडतं, तर दिवसाचे २२४ रुपये. अंडी ५०, म्हणजे अंड्यामागे साडेचार रुपये. तुमचं मका-सरकीचं मिश्रण समजा २४ रुपयांत बसतं, दिवसाचे १५८ रुपये, अंडी २७. अंड्यामागे ५ रुपये ८५ पैसे झाले. दहा रुपये किलोमागे वाचवले आणि प्रत्येक अंड्यावर सव्वा रुपयाच्या वर घालवला, फुटलेली अंडी आणि परत आलेला ट्रे वेगळाच. भाव तुमच्या बाजारातले टाका, गणित हेच राहील. वहीत रोज दोन आकडे लिहा, किती किलो घातलं आणि किती अंडी निघाली. कोंबडी चांगली चालू असताना एका अंड्याला १२५ ते १४० ग्रॅम खाद्य लागतं. तुमच्याकडे आज २४४ ग्रॅम लागतंय.

कोंबड्या तुमच्यावर रुसलेल्या नाहीत. त्या खातात, पोट भरतं, पण अंड्याचा माल त्यात नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. मक्यात नऊच्या आसपास, आणि टरफलासकटच्या सरकी पेंडीत वीस-बावीस. चारास एक मिसळलंत तर एकूण बाराच्या खाली येतं. कोंबडीला दिवसाला १८-१९ ग्रॅम प्रथिन हवं, तिला मिळतंय १३. म्हणजे ती एक दिवसाआड अंडं देतेय हा तिचा उपकारच समजा.

कॅल्शियमचं याहून वाईट आहे. एका कवचात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं, म्हणून रोज चार ग्रॅम पोटात जायला हवं. मका आणि सरकी मिळून ११० ग्रॅममध्ये ते एक दशांश ग्रॅमसुद्धा नसतं. बाकीचं कुठून येतं? तिच्या हाडांतून. दीड महिना ती स्वतःची हाडं विरघळवून तुम्हाला कवच देतेय. एखादी कोंबडी पायावर उभी राहत नसेल, पाय पसरून बसत असेल, तर ती बाजूला घ्या, पाणी-खाद्य तिच्या चोचीपाशी ठेवा आणि पुढ्यात कॅल्शियम ठेवा. वेळेत सापडली तर उठते.

यात दुखणारी गोष्ट ही की, सगळ्या खाद्यात सर्वांत स्वस्त वस्तू हीच आहे. मार्बल चिप्स म्हणा, स्टोन ग्रिट म्हणा, पोल्ट्रीच्या दुकानात मिळते, मक्याच्या पावपट भावातही नसते. शिंपल्याचा चुरा मिळाला तर तोही चालेल. बाजरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढी खडी घ्या, नुसती पावडर नको. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं मुख्य काम रात्री, कोंबडी झोपलेली असताना चालतं. पावडर केव्हाच पुढे निघून जाते, खडी पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, अडकून रात्रभर हळूहळू विरघळते. म्हणून संध्याकाळी शेवटचं खाद्य घालताना वर एक मूठ खडी भुरभुरा आणि एक पाटी वेगळी भरून ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवशी त्या पाटीवर तुटून पडतील, घाबरू नका. दुकानदारानं साधी वाळूच दिली नाही ना, हे बघायचं असेल तर चिमूटभर खड्यांवर लिंबू पिळा. चुनखडी फसफसते, वाळू गप्प बसते.

पानाच्या चुन्याची निवळी पाजा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. आमच्याकडेही देतात. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, निवळीत लिटरमागे एक ग्रॅमभरही कॅल्शियम नसतं. कोंबडी पिणार पाव लिटर. चार ग्रॅमच्या जागी पाव ग्रॅमही जाणार नाही, आणि चव बिघडल्यामुळे ती पाणी कमी पिईल ते वेगळंच. अंड्याची टरफलं मात्र वाया घालवू नका. वाळवून, तव्यावर गरम करून, बारीक चुरडून घाला. अर्धी-पाव टरफलं तशीच टाकलीत तर अंडं फोडून खायची खोड लागते आणि ती मग मोडत नाही.

आता प्रथिनं. पैसा खरा इथे जातो. सोयाबीनची तेल काढलेली पेंड, जिला सगळे सोया डीओसी म्हणतात, तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं. तिच्याशिवाय गाडं चालत नाही, हे मी बरंच काही करून बघितल्यावर मान्य केलंय. तुमच्या शेतात सोयाबीन असेल तर ‘घरचंच भरडून घालू’ असं वाटेल. कच्चं सोयाबीन घालू नका, त्यातलं द्रव्य प्रथिन पचूच देत नाही. भट्टीत नीट भाजून घेतलंत तर चालतं, पण भाजणावळ आणि लाकूड धरलं की फायदा उरत नाही, त्यापेक्षा सोयाबीन विकून तेल काढलेली पेंड घेणं बरं पडतं.

सोयाचा थोडा भार हलका करायला आपल्याकडे दोन गोष्टी आहेत. एक, डाळ मिलची चुनी, म्हणजे डाळ भरडताना निघणारा चुरा. जळगावच्या डाळ मिल काय, नवापूरकडची तूर काय, चुनी आपल्याला लांबून आणावी लागत नाही. तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी १०० किलोत पाच-सहा किलो घाला. त्यात टरफल जास्त असतं, दहाच्या वर गेलात की कोंबडीचं पोट कोंड्यानंच भरेल. घेताना मूठभर फुंकून बघा, अर्धी उडाली तर ते टरफल आहे, चुनी नाही. दुसरी, तिळाची पेंड. अंड्यासाठी सगळ्यात आधी कमी पडणारं प्रथिनाचं घटक म्हणजे मेथिओनीन, आणि तिळात ते भरपूर. सोयात ते कमी, तिळात लायसीन हा दुसरा घटक कमी, म्हणून दोघांची जोडी छान जमते. पण तीन-चार किलोच्या वर नको, तिळातली काही द्रव्यं कॅल्शियम अडवतात आणि पुन्हा कवच पातळ.

शेंगदाणा पेंडीचं नाव मी मुद्दाम शेवटी घेतोय. चांगली असते, कोंबड्या आवडीनं खातात. पण एका वर्षी ऑक्टोबरात पावसानं भुईमुगाचे ढीग भिजले होते. एका तेल गिरणीत मला पेंड स्वस्तात मिळाली, मी खुशीत चार पोती आणली. वास थोडा कुबट होता, मी म्हटलं गिरणीचाच असेल. तीन आठवड्यांत ३०० कोंबड्यांची अंडी निम्म्यावर आली, रोज एक-दोन मरायला लागल्या. पशुवैद्यकांनी एक फाडून दाखवली. यकृत पिवळं, मोठं, बोट लावलं तर लोण्यासारखं फुटणारं. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. त्या पेंडीत वाचवलेले पैसे मला आजही आठवतात, कारण त्यांच्या दहापट मी नंतर घालवले. तेव्हापासून मी शेंगदाणा पेंड फक्त उन्हाळ्यात, समोर घाण्यातून निघालेली घेतो, आणि पावसाळ्यात तिच्याकडे बघतही नाही. एरंडीच्या पेंडीची गोष्ट तर नकोच, ती शेतात खत म्हणून टाकायची वस्तू आहे. कोंबडीला ती विष आहे, शेडजवळही ठेवू नका.

ऊर्जेसाठी मका आहेच. खानदेशात खरीप मका दिवाळीच्या मागेपुढे येतो, रब्बीचा उन्हाळ्यात. आवक जोरात असताना भाव पडतात, तेव्हा दोन-तीन महिन्यांचा घेऊन ठेवा, पण वाळलेला. दाणा दाताखाली धरा, ‘कट्’ असा तुटला पाहिजे. दबला तर ओल आहे. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. मका महाग आणि बाजरी स्वस्त असेल तर मक्यातला काही भाग बाजरीवर न्या, बाजरीत प्रथिन थोडं जास्तच असतं. किड्यानं पोखरलेली नसेल अशी हलक्या प्रतीची दादर किंवा संकरित ज्वारीही चालते. फक्त एवढं लक्षात ठेवा की, ज्वारी-बाजरीत पिवळा रंग नाही, त्यामुळे बलक फिका पडेल. फिका बलक म्हणजे कमी ताकदीचं अंडं असं नाही, पण गिऱ्हाइकाला ते पटवत बसण्यापेक्षा रोज जुडीभर लसूणघास टांगलेला बरा.

आता १०० किलोचं माप सांगतो, माझ्या शेडवर थोड्या फेरफारानं चालतं तेच. मका ४६ किलो, बाजरी किंवा ज्वारी ८, सोया डीओसी २२, तूर चुनी ५, राईस पॉलिश (तांदूळ पांढरा करताना निघणारा बारीक कोंडा) ५, तीळ पेंड ३, मार्बल ९, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १ किलो, मीठ ३०० ग्रॅम, मेथिओनीन १०० ते १२० ग्रॅम, आणि लेअरचं व्हिटॅमिन व मिनरल प्रिमिक्स पाकिटावर लिहिलंय तेवढं. राईस पॉलिश तिकडे नवापूरच्या भात पट्ट्यात सहज मिळतं, तुमच्याकडे नाही मिळालं तर गव्हाचा कोंडा तीन किलो आणि मका दोन किलो वाढवा. प्रथिन सतराच्या जवळ जातं, कॅल्शियम साडेतीनच्या वर. मार्बलच्या नऊ किलोंपैकी सहा खडी आणि तीन पावडर ठेवा. मीठ मोजूनच घाला. फरसाण, लोणच्याचा खार, पापडाचा चुरा असलं उरलंसुरलं कोंबड्यांपुढे टाकायची सवय असेल तर ती सोडा, नाहीतर हगवण लागून शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस चिखलासारखं होतं.

भरडा दळायला देताना गिरणीवाल्याला ‘पीठ नको, कणी ठेव’ असं बजावून सांगा. पीठ झालं की चोचीला चिकटतं, पाण्यात उतरतं आणि निम्मं वाया जातं. आणि मिसळताना घाई करू नका. १०० ग्रॅम मेथिओनीन थेट १०० किलोच्या ढिगावर टाकून फावडं फिरवलं तर काही कोंबड्यांना सगळं आणि बाकीच्यांना काहीच नाही असं होतं. आधी प्रिमिक्स, मेथिओनीन, मीठ आणि डीसीपी एका परातीत दोन किलो भरड्यात हातानं चोळून एकजीव करा. मग ते दहा किलोत, मग मोठ्या ढिगात. ढीग फावड्यानं एका बाजूहून दुसऱ्या बाजूला तीन-चार वेळा पलटा. आमच्याकडे हे काम आई करायची. तिची खूण अशी होती की, ढिगातल्या पाच जागांहून पाच चिमटी तळहातावर घ्यायच्या, पाचही सारख्या दिसल्या की झालं.

एवढं करून पडतं किती? समजा मका २४, सोया ४२, बाकीचं त्या हिशोबानं, तर दळण धरून ३० रुपयांच्या आसपास. तयार खाद्याच्या मानानं किलोमागे चारेक रुपये वाचले. ६० कोंबड्यांना महिन्याला दोन क्विंटल लागतं, म्हणजे आठशे रुपये. आता खरं सांगू का ताई? आठशे रुपयांसाठी दहा वस्तू दहा ठिकाणांहून आणायच्या, त्यातली एखादी चुकली तर अंडी पुन्हा खाली. ६० कोंबड्यांना मी हे सांगणार नाही. तुम्ही लेअर कॉन्सन्ट्रेट घ्या. त्यात प्रथिन, व्हिटॅमिन, खनिजं सगळं घट्ट करून भरलेलं असतं. १०० किलो खाद्यात साधारण २५ ते ३५ किलो कॉन्सन्ट्रेट, बाकी तुमचा घरचा मका आणि थोडा कोंडा. नेमकं प्रमाण आणि वेगळा मार्बल घालायचा की नाही, हे गोणीवर छापलेलं असतं, ते वाचा आणि तेवढंच पाळा. घरचा मका असलेल्यांना यातच जास्त बचत आहे. वरचं पूर्ण माप मी त्यांच्यासाठी दिलंय, ज्यांच्याकडे दोन-तीनशे पक्षी आहेत, किंवा गावातले चार जण मिळून एकदम टनभर बनवणार आहेत.

एक चूक मात्र हमखास होते. तयार लेअर मॅश आणायचं आणि ‘पुरवायला’ म्हणून त्यात निम्मा मका मिसळायचा. मॅश आधीच मोजून बनवलेलं पूर्ण खाद्य आहे. त्यात निम्मा मका घातलात की प्रथिन तेराच्या आत, कॅल्शियम अर्ध्यावर. दुधात पाणी घालून तूप काढण्यासारखं ते.

बचत शोधायची असेल तर खाद्याच्या भांड्याखाली शोधा. रात्री भांड्याखाली एक स्वच्छ पोतं अंथरा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यावर सांडलेलं चाळून तोला. मी पहिल्यांदा तोललं तेव्हा १०० पक्ष्यांमागे किलोवर निघालं होतं आणि मी तोवर गड्याला रागावत होतो की पोतं लवकर कसं संपतं. भांडं काठोकाठ भरायचं नाही, एक तृतीयांशच भरायचं, आणि त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगायची. एवढ्यानंच माझी सांड जवळजवळ बंद झाली. उंदरांचंही बघा, ते रात्री जेवतात आणि हिशोबात कोंबड्यांच्या नावावर टाकतात.

पुढे चैत्र-वैशाख आहे. आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, तेव्हा कोंबडी खातच नाही. तोंड उघडून धापा टाकते, त्यात अंगातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खाद्य उत्तम असूनही कवच पातळ पडतं. दुपारी तिच्यापुढे खाद्य हलवत बसू नका. पहाटे पाचला दिवा लावून अर्धं घाला, उरलेलं संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी भांडी वर उचलून घ्या. संध्याकाळचा भरडा मुठीत लाडू वळेल न वळेल इतपत पाणी शिंपडून दिला तर चवीनं खातात, पण तास-दीड तासात संपेल एवढाच, उरला की आंबतो. उन्हाळ्यात खाणं पंधरा-वीस टक्क्यांनी घटतं, म्हणून मी त्या दोन महिन्यांत सोया दोन किलोंनी वाढवतो, मका तेवढा कमी करतो, आणि १०० किलोत २०० ग्रॅम खायचा सोडा घालून मीठ १०० ग्रॅमनं कमी करतो. पाणी खाद्याच्या दुप्पट लागतं हा नेहमीचा हिशोब, वैशाखात चौपट धरा. टाकी पत्र्यावर असेल तर दुपारी नळातून चहा येतो, तो कोंबडी पीत नाही. ओलं पोतं गुंडाळलेले माठ सावलीत ठेवा आणि दुपारी एकदा पाणी बदला. पाणी कमी प्यायली की खाणं कमी, आणि दुसऱ्या दिवशी अंडं नाही.

अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती, तिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सांगेलच. ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. मूठभर, म्हणजे १०० ग्रॅम घातला तर प्रथिन दीड ग्रॅमच्या आसपास. हिरवा खाऊ म्हणून ठीक, सोयाच्या जागी नाही. शिवाय आपल्या उन्हात सावली आणि पाणी पुरवता पुरवता तो खड्डाच तुमच्याकडून सेवा करून घेतो. त्यापेक्षा बांधावर शेवगा लावा. पाला सावलीत वाळवून, चुरून, १०० किलोत तीन-चार किलो घाला, बलकाचा रंगही सुधारतो. रावेर-यावलकडचे लोक पिकून काळी पडलेली केळी टोपलीनं टाकतात. कोंबड्या वेड्यासारख्या खातात. पण त्यात तीन हिस्से पाणी, उरलेली साखर, प्रथिन जवळजवळ नाहीच. पाच-सहा कोंबड्यांत एक केळं, दुपारच्या उन्हात, एवढंच. पोट केळ्यानं भरलं की भरडा तसाच राहतो.

तुमच्या वीस गावरान कोंबड्यांना या ६० जणींपासून वेगळं करा. त्या उकिरडा, बांध, गोठा फिरून अर्धंअधिक पोट स्वतः भरतात. वर्षाला साठ-सत्तर अंडी देणाऱ्या पक्ष्याला ११० ग्रॅम लेअर खाद्य म्हणजे तो फक्त लठ्ठ होणार. संध्याकाळी खुराड्यात शिरताना प्रत्येकी ४०-५० ग्रॅम ज्वारी-बाजरी आणि थोडं तुमचं नवं खाद्य पुरे. खडीची पाटी त्यांनाही ठेवा. लहान पिल्लं मात्र लेअर खाद्यावर तोंड मारणार नाहीत एवढं बघा, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

तुमच्याकडे अंडी हळूहळू, दीड महिन्यात उतरली, म्हणून मी दोष खाद्याला देतोय. दोन-चार दिवसांत एकदम खाली आली असती, सोबत मर, सुजलेली डोकी, निळे पडलेले तुरे असते, तर खाद्याचं बोलायचं सोडून आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा म्हटलं असतं. २००६ साली फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरातच सापडला होता, आणि २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला. तेव्हा तिकडचे लोक काय काय गाडून आले ते ज्यांनी पाहिलंय, ते सांडलेल्या दाण्यांवर कावळे-चिमण्या जमू देत नाहीत. जंताचं औषध दोन-तीन महिने झालं नसेल तर तेही विचारून द्या, नाहीतर इतकं मोजून घातलेलं खाद्य जंतांच्याच कामी येईल. आणि उजेड मोजा, दिवस आणि दिवा मिळून १६ तास. तो कमी असेल तर सोन्याचं खाद्य घातलंत तरी अंडं येणार नाही.

बदल एका दिवसात करू नका. मार्बल आज संध्याकाळपासून. सरकी आजच बंद. मका आणि कॉन्सन्ट्रेटचं मिश्रण पहिले तीन दिवस पाव भाग, मग निम्मं, आठव्या दिवशी पूर्ण. तोवर उरलेल्या भागात नुसत्या मक्याऐवजी थोडी सोया पेंड मिसळा, म्हणजे सरकी काढल्यानं प्रथिन आणखी पडणार नाही. कवच आठवड्याभरात घट्ट लागायला सुरुवात होईल. अंड्यांचा आकडा त्याहून सावकाश चढतो, तीन आठवडे तरी धीर धरा. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, काही कोंबड्या एकदा थांबल्या की पीस गाळूनच पुन्हा उभ्या राहतात.

आणि दुकानदाराकडे इतक्यात जाऊ नका. बलक कोंबडीच्या पोटात आठ-दहा दिवस थराथरानं भरत असतो, त्यामुळे आज सरकी बंद केली तरी तिचा रंग पुढच्या अंड्यांत काही दिवस येतच राहील. तोवरची अंडी ताजी ताजी घरी आणि शेजारी खपवा. तीन आठवडे झाले की त्या दिवशीची चार अंडी तारीख लिहून फळीवर ठेवून द्या. दहा दिवसांनी एका पांढऱ्या बशीत फोडा. चारही बलक पिवळे निघाले, की ट्रे घेऊन जा.